अकरावा रकाना

'तरतूद नाही' हे दोन शब्द कोणी माझ्यासमोर उच्चारले की अजूनही डोक्यात तिडीक जाते. समोर बँकेतला कारकून असो, नाहीतर आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. माणूस बिचारा गांगरतो. बाईंना एवढं झालं तरी काय, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. काय झालं ते सांगायलाच बसले आहे. नावं मात्र कोणाचीच घेणार नाही. ज्यांची घ्यायला हवीत ते पेन्शन खात सुखात आहेत, आणि जिचं घ्यावंसं वाटतं तिला विचारायची सोय राहिलेली नाही.

आम्ही तेव्हा घाटकोपरच्या संक्रमण शिबिरात राहत होतो. एवढा जड शब्द कोणी वापरायचं नाही, सगळे 'ट्रान्झिट' म्हणायचे. लालबागेतली आमची चाळ धोकादायक ठरली आणि घरांचा कारभार पाहणाऱ्या सरकारी मंडळाने सगळ्या चाळीला उचलून इथे आणून टाकलं. सहा महिन्यांत नवी इमारत बांधून परत नेतो, असं लेखी दिलं होतं. मी नववीत होते. ट्रान्झिटमधूनच मॅट्रिक झाले, तिथूनच डी. एड. केलं, आणि म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले तेव्हाही आम्ही तिथेच होतो. पत्र्याच्या लांबलचक बराकी, दोन खोल्यांमध्ये अर्धवट भिंत, शेजारच्या घरात कढईत काय पडलं ते वासावरून सांगता यावं अशी व्यवस्था. सहा महिने म्हणजे किती, हे मला मुलांना शिकवताना नेहमी जड जायचं.

काकी आमच्यापासून तिसऱ्या दारात. ती आमच्याच गावची. रक्ताचं नातं नव्हतं, पण लालबागेत असल्यापासून ती काकीच. तिचा नवरा गिरणीत होता, आणि ती गावाकडून आलेल्या एकट्या गिरणी कामगारांची खाणावळ चालवायची. वीस-पंचवीस ताटं दोन्ही वेळा. मूलबाळ नव्हतं. गिरण्यांचा संप झाला, जेवणारे एकेक करून गावी परतले, खाणावळ बसली आणि त्याच्या पुढच्याच वर्षी नवराही गेला. मग ती बालवाडीच्या मुलांची खिचडी शिजवायला लागली. पुढे हात थरथरायला लागले. उकळतं पातेलं तिच्या हातात द्यायला बालवाडीवाले घाबरू लागले, आणि तेही गेलं.

अशा वेळी मंडळाने नोटीस लावली. लालबागेची इमारत आता होणार नाही, त्याऐवजी घाटकोपरलाच बांधलेल्या कायमच्या खोल्या मिळतील. अर्ज करा. ज्यांना दुसरीकडे घर नाही अशांनाच खोली, आणि दुसरीकडे म्हणजे मुंबईतच, असं आम्ही सगळे धरून चाललो. एकशे ऐंशी फुटांची खोली, आत मोरी. काकीला ती वाचून दाखवली तेव्हा तिने 'आत मोरी' एवढे दोनच शब्द पुन्हा वाचायला लावले. साठी उलटलेल्या बाईला पहाटे कळशी घेऊन नळाच्या रांगेत उभं राहायचा कंटाळा आला होता, दुसरं काही नाही. तिला ती खोली हवी होती. त्या खोलीचीच ही गोष्ट आहे.

अर्ज भरायला मी बसले. अक्षर चांगलं म्हणून. बालवाडीच्या ओट्यावर मांडीवर पुठ्ठा घेऊन, रविवारी सकाळपासून. आमच्या दोन बराकींतली सगळी घरं एकेक करून समोर येत होती. गुलाबी रंगाचा छापील अर्ज, त्यात अकरावा रकाना असा: 'अर्जदाराच्या अथवा कुटुंबीयांच्या नावे इतरत्र घर अथवा घराचा हिस्सा आहे काय? असल्यास तपशील द्यावा.'

आता आमच्या कोकणी माणसाला असा प्रश्न विचारायचा असतो का? मुंबईत तो पत्र्याखाली राहील, जिन्याखाली झोपेल, पण गावी घर नाही असं त्याच्या तोंडून निघायचं नाही. घर नाही म्हणजे देव नाहीत, देव नाहीत म्हणजे मागेपुढे कोणी नाही. लग्न जमवताना पहिला प्रश्न तोच असतो. तेव्हा रकाना वाचून दाखवला की समोरचा माणूस ताठ बसायचा.

"आसा तर! लिव गो, चिऱ्याचा घर आसा."

"माडी आसा लिव."

"घराक लागून दोन आंब्याची कलमां आसत, ती पण लिव."

मी लिहीत गेले. रकान्यात जागा पुरेना तेव्हा समासात लिहिलं. माझाही ऊर भरून येत होता, खोटं कशाला सांगू. सरकारला कळू दे की ही बेवारशी माणसं नव्हेत, असं काहीतरी खुळचट माझ्या मनात होतं. त्या चिऱ्याच्या घरांत प्रत्येकाचा हिस्सा केवढा, हे कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. काकीचंच सांगते. तिच्या सासरच्या घराला नऊ वाटेकरी. तिच्या वाट्याला मागच्या पडवीची एक बाजू, जिथे जळाऊ लाकडं रचलेली असायची. गणपतीला गेली की दीर ती लाकडं हलवायचा आणि तिथे तिची चटई पडायची. पण तिने सांगितलं, "घर आसा, देवघर आसा." मी लिहिलं: होय. घर आहे.

आमचा अर्ज सगळ्यांत शेवटी राहिला. दुपारी जेवणं झाल्यावर घरात भरायला घेतला. आमचे वडील गिरणीत टाइमकीपर होते, म्हणजे कामगार नव्हे आणि साहेबही नव्हे, पण कागद कसा चालतो ते ओळखणारे. अकराव्या रकान्याशी माझं पेन आलं तेव्हा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"तिथे नाही लिही, बाय."

मी म्हटलं, आपलं घर आहे की गावी. काकीच्या घराच्या वरच्या अंगाला, तिच्यापेक्षा मोठं.

"असू दे. नाही लिही."

"मग बाकीच्यांचं? सगळ्यांचं मी होय लिहिलंय. उद्या सगळ्यांचे अर्ज बदलून आणते."

त्यांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "सगळ्यांनीच नाही लिहिलं तर कोणाचंच खरं वाटणार नाही."

आई कोपऱ्यात भांडी पुसत होती, तिचा हात थांबला. पण बोलली नाही. आणि मी, जी वर्गात पोरांना खरं बोलायचे धडे देत होते, तीही मूग गिळून बसले. 'नाही' लिहिलं. त्याच अक्षरात, त्याच पेनाने. दुसऱ्या दिवशी सगळे अर्ज एकत्र बांधून मीच मंडळाच्या ऑफिसात देऊन आले. माझ्या आयुष्यातली लाज वाटावी अशी गोष्ट कोणती, असं मला कोणी विचारत नाही, म्हणून इथे स्वतःहून सांगून टाकते.

यादी लागली. आमच्या दोन बराकींतून पात्र ठरलेले हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे, त्यात आम्ही. बाकी सगळ्यांपुढे एकच शेरा: 'अपात्र, इतरत्र घर उपलब्ध.' माणसं यादीपुढे उभी राहून माझ्याकडे बघत होती. रागाने नव्हे. बाईंनी चुकून काही लिहिलं असेल, बाई दुरुस्त करून आणतील, अशा भरवशाने. तो भरवसा मला त्या दिवशी शिव्यांपेक्षा जास्त लागला.

काकीला तर दुहेरी फटका बसला. त्याच सुमारास तिने निराधारांच्या सरकारी अनुदानाचा अर्जही केला होता. महिन्याला चहा-साखर आणि थोडे तांदूळ येतील एवढीच ती रक्कम, पण तेवढ्यावर तिचं भागणार होतं. त्या अर्जातलं उत्तरही माझ्याच अक्षरातलं. तिथून शेरा आला: 'घरात हिस्सा आहे, सबब निराधार नाही.' काय तो 'सबब' शब्द! लाकडं रचायची पडवी आहे, सबब म्हातारीने उपाशी राहावं.

मी काकीला घेऊन मंडळाच्या ऑफिसात गेले. तिथला अधिकारी मला राक्षस वाटला असता तर बरं झालं असतं. तो साधा, डोळ्यांखाली काळं आलेला, सभ्य माणूस होता. त्याने आम्हाला बसायला सांगितलं, काकीला पाणी दिलं. माझं सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून म्हणाला, "मॅडम, खरं सांगू का? यंदा घरांसाठी आम्ही मागितलं त्याच्या निम्मंसुद्धा मंजूर झालं नाही. खोल्या थोड्या, माणसं ढीगभर. नावं कुठेतरी कापावीच लागणार होती. अकरावा रकाना सोयीचा पडला."

"सोयीचा?"

"कोकणातली माणसं सगळी. होय म्हणणारच." तो हसला. वाईट हसला नाही, आपल्याला कळलेली गंमत दुसऱ्याला सांगावी तसा हसला. "तरतूदच नाही हो. तरतूद असती तर आम्ही कोणाचं घर बघायला जातोय?"

त्या दिवसापर्यंत अर्थसंकल्प म्हणजे माझ्या लेखी रेडिओवरची एक बातमी होती. साबण महाग, विडी महाग, कोणीतरी चांगला म्हणायचं, कोणीतरी वाईट. तो कागद कोणाच्या तरी मोरीवर, कोणाच्या तरी भातावर चालतो, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी स्वतः शिक्षिका, तरी नव्हतं. त्याचाही मला राग येतो.

आमच्या भागाच्या आमदारांचं ऑफिस एका मिठाईच्या दुकानावर होतं. अधिवेशन मार्चात. त्याच्या थोडं आधी मी गेले. आमदार नव्हते, त्यांची वाट बघत बसले तर कोपऱ्यात रद्दीचे गठ्ठे दिसले. वरच्या गठ्ठ्यात मागच्या वर्षीची अर्थसंकल्पाची पुस्तकं होती. छापखान्यातून सुतळी बांधून आली तशीच, गाठसुद्धा सुटली नव्हती. मी तिथल्या माणसाला विचारलं, घेऊ का? तो म्हणाला, घ्या की, नाहीतरी शनिवारी भंगारवाला येतो.

ती पुस्तकं पिशवीत घालून घरी आणली आणि शाळेतून आल्यावर रोज वाचायला बसायची. आधी काही कळेना. आकड्यांचे रकानेच रकाने. मग हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येक बाबीपुढे मागच्या वर्षी देऊ म्हटलेली रक्कम, शेजारी वर्षाअखेर सुधारून लिहिलेली रक्कम आणि त्याशेजारी पुढच्या वर्षीची. गरिबांच्या घरांपुढे मधली रक्कम पहिलीपेक्षा कमी. म्हणजे देऊ म्हटलेले पैसेसुद्धा खर्च केले नव्हते. आणि गेल्या वर्षी खर्च झाले नाहीत म्हणून पुढच्या वर्षी आणखी कमी धरलेले. निराधारांच्या अनुदानाचं तेच. वाचलं आणि अंगाचा तिळपापड झाला. आधी तुम्हीच पैसे वापरायचे नाहीत, मग पैसे लागत नाहीत म्हणून कापायचे, मग पैसे नाहीत म्हणून काकीला पडवी दाखवायची! घरात एवढी लबाडी कोणी केली असती तर आईने त्याला दारात उभं केलं नसतं.

मी एक निवेदन लिहिलं. राज्याच्या अर्थसंकल्पात घरांसाठी आणि निराधारांसाठी ठेवलेला पैसा कमी करू नका, ठेवलेला पैसा त्याच वर्षी खर्च करा, आणि गावाकडच्या घरातल्या चतकोर हिश्श्याला घर म्हणू नका. तीनच वाक्यं. ट्रान्झिटमधल्या प्रत्येक दारी जाऊन सह्या आणि अंगठे घेतले. आमच्या घरी वडिलांनी सगळ्यांत वर सही केली, ठसठशीत. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

निवेदन घेऊन आम्ही बायका आमदारांकडे गेलो. ते भले गृहस्थ. निवेदन वाचलं, मान हलवली आणि म्हणाले, "काळजी करू नका. या खात्याच्या खर्चाच्या मागणीवर मी कपात सूचना देतो."

झालं! काकी उठून उभीच राहिली. "कपात? आणखी कापतलास? आमका येडी समाजतास काय?" बाकीच्या बायकांनीही आवाज चढवला. खालून मिठाईवाला वर बघायला आला. आमदार दोन्ही हात जोडून समजावू लागले, "अहो मावशी, तशी पद्धत आहे. वाढवा असं आम्हाला सूचनेत म्हणता येत नाही. थोडेसे रुपये कमी करा म्हणायचं, म्हणजे त्या विषयावर बोलायला मिळतं."

काकी पुन्हा खाली बसली. खूप वेळ विचार करून माझ्या कानाशी म्हणाली, "म्हंजे वाढवा सांगूक कापा म्हणूचा?"

"हो."

"आणि गावाक घर आसा सांगितला तर नाय समाजूचा?"

मला हसू आलं आणि त्याच क्षणी आपण कशाला हसतोय म्हणून लाजही वाटली. त्या सगळ्या कारभाराचं तिच्याइतकं नेमकं वर्णन पुढे मी कोणाच्या भाषणात ऐकलं नाही.

घरांच्या खात्याची मागणी सभागृहात यायची होती त्या दिवशी आम्ही दोघी प्रेक्षकांच्या गॅलरीत बसलो. शाळेत मी आजारपणाची रजा टाकली होती. दारावर काकीची पिशवी काढून घेतली, तिच्यातल्या पोळीभाजीच्या पुरचुंडीसकट. आत थंडगार. काकीने पदर अंगाभोवती घेतला आणि खाली वाकून आपले आमदार शोधू लागली. एका खात्यावरच बरीच चर्चा चालली, त्यात हशा, टाळ्या, कोणी कोणाला चिमटे काढले. मग घड्याळ पुढे गेलं तशी सगळ्यांना घाई झाली. आमची मागणी पुकारली. आमदारांचं नावही पुकारलं.

"खुर्चेर नाय तो," काकी म्हणाली.

खरंच नव्हते. कुठे होते ते मला आजवर माहीत नाही. चहा प्यायला गेले असतील, नाहीतर कोणाची बदली थांबवायला. सूचना मांडायला माणूस नाही म्हणून सूचना गेली. मग राहिलेल्या मागण्या एकामागोमाग मताला टाकल्या, आणि हातातले कागद चाळत, वर न बघता सगळे 'होय' म्हणाले. आमची मागणी कुठल्या क्षणी गेली ते मला कळलंच नाही.

"झाला?" काकीने विचारलं.

"झालं."

"आमचा बोलणा खय झाला?"

शेजारच्या शिपायाने ओठांवर बोट ठेवलं. गॅलरीत बोलायला मनाई असते. मी त्या शिपायाच्या बोटाकडे बघत राहिले. ते बोट पकडून पिरगाळावं असं मला वाटलं होतं, हे लिहायला मला संकोच नाही.

पण मी तेवढ्यावर थांबले असते तरी पुरे होतं. मला हुशारी सुचली. अधिकारी म्हणाला होता की गावी घर नसल्याचा दाखला आणला तर काकीचं प्रकरण तो पुन्हा उघडेल. दाखला हवा तर ग्रामपंचायतीच्या कागदावरून तिच्या नवऱ्याचं नाव जायला हवं. नाव जायला हवं तर तिने हिस्सा सोडल्याचं लिहून द्यायला हवं. मी काकीला म्हटलं, "नुसतं कागदावर गं. दीर काय तुला घराबाहेर काढणार आहे? खोली मिळाली की झालं." तीन दिवस ती हो-ना करत राहिली. देवासमोर बसायची, परत माझ्याकडे यायची. मी तिच्यावर चिडले. मोरी हवी की पडवी, असं तिला विचारलं. हे शब्द माझे आहेत, दुसऱ्या कोणाचे नाहीत.

दिराला पत्र मीच लिहिलं. आमच्या गावाहून पत्राचं उत्तर यायला एरवी महिना लागतो. हे उत्तर आठवड्यात आलं, सोबत स्टँपपेपर, मजकूर तयार, साक्षीदारांच्या सह्या झालेल्या, फक्त काकीची जागा कोरी. एवढी तत्परता आमच्या गावाने मी जन्मल्यापासून कधी दाखवली नव्हती. तिने सही केली. तिला सही करता यायची, खाणावळीच्या दिवसांत शिकली होती. हात थरथरत असल्याने नाव रेषेवरून खाली उतरलं.

दाखला दिला, प्रकरण उघडलं, आणि दोन-तीन महिन्यांनी काकी पात्र ठरली. मी पेढे आणले. पेढे वाटून झाल्यावर पत्र नीट वाचलं. 'अर्जदार पात्र असून तरतूद उपलब्ध झाल्यावर यथाक्रम विचार करण्यात येईल.' खोल्या संपल्या होत्या. निराधाराच्या अनुदानाचंही तेच उत्तर आलं: मंजूर, निधी आल्यावर. तोंडाला पानं पुसणे म्हणतात ते एवढ्या सुवाच्य टायपात मी त्याआधी पाहिलं नव्हतं. म्हणजे आता ती सरकारच्या कागदावर पक्की बेघर आणि पक्की निराधार होती. तेवढं एक काम आम्ही सगळ्यांनी मिळून तडीस नेलं होतं.

त्या वर्षी दिराचं पत्र आलं की पडवी पाडून तिथे संडास बांधला आहे, गणपतीला आलात तर दुसऱ्या कोणाकडे उतरावं लागेल. काकी गेली नाही. पुढे घाटकोपरचं ट्रान्झिट मोडलं. आम्ही नव्या खोलीत गेलो. उरलेल्यांना मुलुंडच्या दुसऱ्या ट्रान्झिटमध्ये हलवलं, तात्पुरतं. काकीचं सामान टेम्पोत चढवायला मी गेले होते. खाणावळीतली मोठी पातेली तिने विकली नव्हती, ती एकात एक घालून टेम्पोच्या मधोमध बसवली.

आम्ही खोलीत पूजा केली तेव्हा काकी मुलुंडहून बसने आली. नवं लुगडं नेसली होती, येताना नारळ आणि स्वतः केलेले तांदळाचे लाडू घेऊन आली. सगळी खोली हिंडून पाहिली, म्हणजे चार पावलं. मोरीशी जाऊन नळ सोडला, हात धुतले, बंद केला. "बरा झाला गो," म्हणाली. पाहुणे जेवून गेले, वडील बाहेर ताटकळलेल्या भटजींना पोचवायला गेले, आणि आम्ही दोघी स्वयंपाकाच्या ओट्याशी ताटं पुसत होतो.

तिने ताट पुसता पुसता सहज सांगितलं. यादी लागायच्या आधी मंडळाचा माणूस ट्रान्झिटमध्ये चौकशीला आला होता. मी शाळेत होते. तो काकीच्या दारात बसला, कारण ती आमच्या गावची. तिचं घर आहे हे आधी तिच्या तोंडून वदवून घेतलं, मग ह्या टाइमकीपरने 'नाही' लिहिलंय, त्याचं गावी घर आहे का, असं त्याने तिला विचारलं.

"मी सांगलंय, पडला कधीच. जोता पण ऱ्हवाक नाय."

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. आमच्या घराच्या ओटीवर तिने दर गणपतीत सकाळी बसून माझ्या आजीबरोबर फुलं निवडली होती.

"तुझ्या बापाशीक सांगू नको," ती म्हणाली. "लाजतलो."

मी फडकं ओट्यावर टाकलं. तिच्यावरच चिडले. रडू आलं की मी चिडते, तेव्हाही तसंच. "आमच्यासाठी खोटं बोललीस, मग स्वतःसाठी का नाही बोललीस? तोच माणूस, तोच प्रश्न. एक शब्द बोलायचा होता."

काकीने पुसलेलं ताट इतर ताटांवर ठेवलं आणि माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं.

"तेव्हा माका घर होता गो."

पुढच्या वर्षीपासून मी दर मार्चात ते निवेदन लिहीत आले. आमदार बदलले, मंत्री बदलले, मजकूर तोच ठेवावा लागला. मोर्च्यांत गेले, घोषणा दिल्या, एकदा पोलिसांनी गाडीत घालून दिवसभर बसवूनही ठेवलं. लोक म्हणतात, बाई जिद्दीच्या आहेत. जिद्द वगैरे काही नाही. तरतुदीचा राग आहे, आणि दुसराही एक आहे, जो कुठल्या मंत्र्यावर काढता येत नाही. कारण त्या दिवशी ऊन उतरल्यावर काकी पिशवी घेऊन निघाली. वडील, आई आणि मी दारात उभे होतो. तिच्या नावाला खोली नव्हती, गाव नव्हतं, अनुदान नव्हतं, आणि आमच्या मागे आत मोरी असलेली एकशे ऐंशी फुटांची खोली होती, जी तिच्या एका शब्दाने आम्हाला मिळाली होती. हे तिघांपैकी मला तरी पक्कं माहीत होतं. आई म्हणाली, सांभाळून जा. वडील म्हणाले, बसला गर्दी असेल, लवकर निघा. इथेच राहा, असं आमच्यापैकी कोणीही म्हणालं नाही. मीसुद्धा नाही.